कन्व्हर्टिबलची मागची काच सुटली? आधी सक्शन क्लॅम्प आणा

अंधेरीच्या उन्हापावसात कापडी छताची गाडी उभी करत असाल, तर मागच्या काचेची वरची कड एकदा चाचपून बघा. काच आणि कापड यांच्यात नख शिरलं की समजा जोड सुटतोय. माझ्या गाडीत आधी नख शिरलं, मग अख्खं बोट!

गोंद काच बसवणारे वापरतात तोच, पॉलियुरेथेन. झटपट चिकटणारा नको, तो कडक होऊन घडीवर तडकतो. पण खरी गोम दाबात आहे. ताणलेलं कापड जोड ओढत राहतं आणि साधा क्लॅम्प अडकवायला तिथे जागाच नसते. सक्शन क्लॅम्पचा कप काचेला धरतो, दांडा कापडावर येतो, स्क्रू पिळला की कड दाबली जाते. 10 सेंमी व्यासाच्या कपाची पकड, पूर्ण निर्वात पोकळी झाली तर, सुमारे 80 किलो. प्रत्यक्षात कमी, तरी पुरून उरते.

छताची पुढची खिट्टी सोडून कापड सैल करा. जुना गोंद खरवडा (डीफॉगरच्या तारा सांभाळून), स्पिरिटने पुसा, प्रायमर लावा, मग नवा गोंद भरून क्लॅम्प बसवा. दांड्याखाली लाकडी पट्टी हवीच, नाहीतर कापडावर वळ उठतात. कपांत हळूहळू हवा शिरते, झोपण्याआधी एक फेरी मारा.

हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणजे आपला दमटपणा इथे चक्क कामाचा! कापड मात्र कोरडं हवं. तेव्हा पावसाआधी उरका, आणि निदान 24 तास छत उघडू नका.