दाद मागायची, दाद द्यायची

भातकापणी उरकली की सूर्या नदीकाठी, मासवणच्या आसपासच्या पाड्यांवर तारपा वाजू लागतो. सुकवलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवून केलेलं हे वाद्य. वाजवणारा गाल फुगवून, श्वास तुटू न देता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून माणसं फेर धरतात. त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. टाळी कुणी वाजवत नाही. शहरातून आलेला पाहुणा तेवढा टाळ्या पिटतो. मला विचाराल तर ते बदललेलं पाऊल हीच खरी दाद.

दाद हा शब्दच मोठा देखणा आहे. टाळ्यांच्या गजराला इंग्रजीत ओव्हेशन म्हणतात. प्राचीन रोममध्ये सेनापतीच्या धाकट्या विजयोत्सवाचं ते नाव होतं. मोठ्या उत्सवात त्याला रथ मिळे, यात तो पायी किंवा घोड्यावरून नगरात येई. आपला शब्द रणांगणावरून आलेला नाही. तो न्यायासनासमोरचा आहे.

फारसीत दाद म्हणजे न्याय. त्याचं जुनं इराणी रूप ‘दात’, अर्थ कायदा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत ते आढळतं. पारशांच्या ‘वंदिदाद’ या ग्रंथाच्या नावातही तेच आहे: दुष्ट शक्तींविरुद्धचा कायदा. आणि हे पारशी आपल्या पालघर जिल्ह्याला परके नाहीत. संजाणच्या त्यांच्या वस्तीवर हल्ला झाल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बहरोटच्या गुहांमध्ये बारा वर्षं जपला, असं त्यांची परंपरा सांगते. मराठीत मात्र दाद आली ती दख्खनच्या सुलतानी दरबारांच्या फारसीतून, फिर्याद आणि अर्ज यांच्या सोबतीनं. ‘शाबास’ही तिकडचाच. मूळ ‘शाद बाश’, म्हणजे आनंदात राहा.

मराठीनं दादेला दोन्ही दारं उघडी ठेवली. अन्याय झाला की दाद मागायची, गाणं रंगलं की दाद द्यायची. हट्टी ताप औषधाला दाद देत नाही. जिथं कुणी ऐकूनच घेत नाही, तिथं दाद ना फिर्याद. वाढवण बंदराविरुद्ध किनाऱ्यावरच्या लोकांनी उच्च न्यायालयात मागितली, ती दादच. आणि बैठकीत गवई समेवर आला की जाणत्याच्या तोंडून आपसूक ‘वा!’ निघतो, तीही दादच. जागा चुकली की तोच ‘वा’ कानाला खुपतो. दाद म्हणजे ज्याचं त्याला देणं, हा न्यायाचा अर्थ तिथं मला लख्ख ऐकू येतो. म्हणून सूत्रसंचालकानं माइकवरून ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हटलं की माझे हात उचलत नाहीत.

पाड्यावर असं कुणी सांगत नाही. तारप्याची चाल फिरते, पुढचा गडी हातातली काठी जमिनीवर आपटतो आणि सगळा फेर त्या नव्या चालीवर पाय टाकतो.