हत्तीच्या पावलाची वेल

आमचे सारे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि संपांत गेले. वनस्पतिशास्त्र आम्ही कोणत्याही शाळेत शिकलो नाही. तरीही खिडकीतल्या एका वेलीविषयी चार शब्द सांगावेसे वाटतात. कारण तिचा जीव घेतल्यावरच ती आम्हांला समजली.

डायोस्कोरिया एलेफंटिपीस हे तिचे शास्त्रीय नाव. दक्षिण आफ्रिकेतील केप भागाच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर ती वाढते. आपल्या बाजारातले कोनफळ तिचेच भावंड. मात्र कोनफळ जमिनीत दडते, हिचा कंद उघड्यावर बसतो. त्याची बुचासारखी साल भेगाळून तिचे बहुकोनी उंचवटे होतात; पाहणाऱ्याला हत्तीचे पाऊल आठवते. माथ्यातून दरसाल नवी वेल निघते, तिला हृदयाकृती पाने येतात. जुन्या कंदाचा घेर ३ मीटरपर्यंत जातो.

या कंदात पाणी आणि पिष्ट साठते. संपापूर्वी शहाणा कामगार घरात दाणे भरून ठेवतो, तसाच हा प्रकार. पाने गळाली, वेल वाळली, की कंद त्या शिल्लकीवर स्वस्थ बसून राहतो. एका स्नेह्याने दिलेला पहिला कंद असा बसला, तेव्हा आम्ही रोज तांब्याभर पाणी ओतले. कंद कुजला. विश्रांती म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे पटवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. ही गोष्ट सभांतून सांगणारे आम्ही, घरातल्या वेलीची सुट्टी मात्र मोडत होतो!

दुसरी वेल आम्ही बियांपासून केली. कुंडीला भोक हवे, मातीत निम्मी जाड वाळू हवी. कंद मातीवर राहू द्यावा. पानांना ऊन, कंदाला सावली आणि वेलीला चढायला काठी द्यावी. पावसाची झड लागू देऊ नये. पाणी पंचांग पाहून नव्हे, कोंब पाहून सुरू करावे. बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस कोंब येतो आणि हिवाळाभर वाढ चालते. त्या काळात माती सुकली की पाणी घालावे. पाने पिवळी पडू लागली की कमी करीत थांबवावे.

पहिल्या वर्षी कंद जेमतेम वाटाण्याएवढा होतो. भेगा दिसायला कैक वर्षे लागतात. म्हणूनच उतावळ्या गिऱ्हाइकांसाठी डोंगरावरचे जुने कंद उपटले जातात. पिढ्यांची शिल्लक एका दिवसात लुटली जाते. तसला कंद कोणी घेऊ नये. बी पेरावे आणि वाट पाहावी.

या व्याख्यानांच्या दिवसांत झाडांना पालवी फुटली आहे. आमची वेल मात्र पिवळी पडते आहे. आम्ही तांब्या बाजूला ठेवला आहे.