अर्थिंग आहे, पण सप्लाय तुटतो का?

थ्री फेज कनेक्शन, पाच-सहा एसी, दोन गीझर, लिफ्ट, गाडीचा चार्जर. अशा बंगल्याचा मालक हमखास सांगतो, "अर्थिंगचे दोन खड्डे घेतलेत, काळजी नाही." खड्डे हवेतच. पण त्यांच्या भरवशावर लीकेज होताच एमसीबी पडेल, हा समज जिवावर बेतणारा आहे.

गणित करून बघा. गच्चीवरच्या मोठ्या एसी युनिटमध्ये फेजची वायर घासून पत्र्याला लागली. करंटला परतायला वाट एकच: आपला खड्डा, मग जमीन, मग ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग. आपल्या खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम, म्हणजे चांगलाच, धरू. बाकीची वाट बिनविरोध धरली तरी 230 भागिले 5, फार तर 46 अँपिअर. 32 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला 160 ते 320 अँपिअर लागतात. 46 अँपिअरला तो तापत बसेल. तासभरही लागू शकतो. तेवढा वेळ त्या पत्र्यात जीवघेणी वीज असते.

लीकेज ओळखून सप्लाय तोडणं हे काम आरसीसीबी या वेगळ्या ब्रेकरचं. घरात 30 मिलिअँपिअरचा बसवतात. खड्डा सुकून 200 ओहमवर गेला तरी त्यातून एक अँपिअरहून जास्त करंट जातो, आणि आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. 'सारखा पडतो' म्हणून वायरमनकडून तो बायपास करून घेऊ नका. लीकेज शोधायला लावा. मात्र ओव्हरलोड त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. टेस्टचं बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंगही ठीक, असंही नाही. त्या बटणाचा खड्ड्याशी संबंध नसतो. खड्डा अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो.

अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे आहेत. हे कधीही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर त्या सॉकेटवरच्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात थेट फेज उतरतो.

आणि मेन स्विच पाडला की घर 'डेड' झालं, हेही पूर्ण खरं नाही. इन्व्हर्टरच्या लाइन्स बॅटरीवर जिवंत राहतात. सोलरचा इन्व्हर्टर ग्रिड गेली की थांबतो, पण पॅनेलपासून त्याच्यापर्यंतच्या डीसी वायरमध्ये ऊन असेपर्यंत शेकडो व्होल्ट असू शकतात. त्यासाठी डीसी आयसोलेटर वेगळा लागतो, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.