डोंगराच्या शेजारी आमचे बिऱ्हाड

अजिंठा म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे लेणी उभी राहतात. परंतु लेणी आहेत घाटाखाली, फर्दापूरच्या बाजूला, सोयगाव तालुक्यात. आणि अजिंठा हे गाव आहे घाटावर, सिल्लोड तालुक्यात. या गावाच्या शिवारात डोंगराच्या कडेला आमचे दोन एकर मुरमाड रान आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, मुलगी, मुलगा आणि आई, शहरातले बिऱ्हाड उचलून तेथे राहायला गेलो. त्याला आता चार पावसाळे उलटून गेले.

"लोक खेडे सोडून शहरात येतात, तुम्ही उलटे कसे गेलात?" असे समाजबांधव विचारतात. प्रश्न साधा नाही. खेड्याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे परखड मत मांडले, ते आपल्या घराघरात माहीत आहे. आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडले, तेही केवळ पोटासाठी नव्हे. विहिरीवर पाण्यासाठी ओंजळ धरून ताटकळत राहणे त्यांना नको झाले होते. शहरात त्यांनी कारखान्यात नोकरी धरली, आम्हाला शिकवले आणि पुन्हा गावाचे नाव काढले नाही.

पुढे आम्हीही कारखान्यातच लागलो. २०२० च्या टाळेबंदीनंतर कामगार कमी केले गेले, त्यात आमचा नंबर लागला. घरभाडे थकले. तेव्हा आईने पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढला. त्या कागदालाही इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवसांत आमच्या आजोबांनी गायरानाचा हा तुकडा नांगरला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला आणि पुष्कळ खेटे घातल्यावर जमीन नावावर झाली. आई म्हणाली, "तुझा बाप गावाला विटला होता, जमिनीला नाही." आम्ही एकच अट घातली, मुलांचे शिक्षण मागे पडले तर त्याच दिवशी परत फिरायचे.

पहिल्या आठवड्यातच फजिती

शहरात वाढलेल्या माणसाला वाटते, कोंबडी पाळणे म्हणजे काय मोठे! दाणे टाकले की झाले. आम्ही आठवडी बाजारातून बारा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. जुने पत्रे व बांबू ठोकून खुराडे उभे केले आणि त्याचे दार सुतळीने बांधले. चौथ्या रात्री एकच कलकलाट झाला. बॅटरी घेऊन धावलो तोवर सारे शांत झाले होते. सकाळी पाहतो तो पाच कोंबड्या नाहीशा, दोन मरून पडलेल्या आणि पिसांचा माग थेट ओढ्याकडे गेलेला. मुलगा जेवला नाही.

शेजारच्या रानातले एक म्हातारबाबा माग पाहून म्हणाले, "रानमांजर हाय. मटणाच्या तुकड्यात औषध घालून ठेवा, पुन्हा यायचं नाही." दुसऱ्या एकाने कुंपणात करंट सोडायला सांगितले. खरे सांगायचे तर त्या दिवशी रागाच्या भरात दोन्ही सल्ले आम्हाला पटले होते. रात्री आईने विचारले, "वंदनेला बसल्यावर पहिलं शील कोणतं म्हणता?" यावर मुलाने उलट विचारले, "मग आपण कोंबडी विकतो, खातो, ते कसं चालतं?"

त्याला चोख उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. आम्ही अंडी खातो, कोंबडा विकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण विष टाकून सूड घेणे ही वेगळी गोष्ट आहे. विष कोणाला ओळखत नाही. ते शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही लागते आणि ते कुत्रे खाणाऱ्या घारीलाही. कुंपणात वीज सोडणे तर सरळ गुन्हा आहे. अशा तारेला चिकटून स्वतः शेतकरी मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. शेवटी कोंबड्या आमच्या होत्या आणि दार सुतळीचे होते. रानमांजराने फक्त आपले पोट भरले.

मग नवे खुराडे बांधले. दोन फूट उंच दगडी चौथरा, चारही बाजूंनी बारीक लोखंडी जाळी, जाळीचे खालचे टोक हातभर जमिनीत गाडलेले, वर पत्रा आणि दाराला खरी कडी. दिवेलागणीच्या आत कोंबड्या मोजून आत घालायच्या हे काम मुलाकडे दिले. त्यानंतर जंगली जनावराने फक्त दोन कोंबड्या नेल्या आणि दोन्ही वेळा कडी लावायला आम्हीच विसरलो होतो.

एकवीस दिवसांची शाळा

गावरान कोंबडी रोज अंडे देत नाही. बारा-पंधरा अंडी दिली की ती खुडूक होते आणि अंड्यांवर बसते. पहिल्यांदा बसवली तेव्हा मुलीने भिंतीवर खडूने दिवस मोजले. एकविसाव्या दिवशी बारापैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली. कोंबड्यांना विकतचे खाद्य थोडेच लागते. मक्याची चुरी, घरातले खरकटे, उकिरड्यातले किडे आणि वाळवी यांवर त्यांचे भागते. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. एकदा खुराड्याशी लांबलचक धामण दिसली. लोक काठ्या घेऊन धावले. धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाते, हे मुलीने पुस्तकात वाचले होते, म्हणून ती वाचली. मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप घरातल्या प्रत्येकाने ओळखायला शिकले पाहिजे. साप चावलाच तर मांत्रिकाकडे घटकाभरही घालवू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. सापावरची लस तेथे मिळते.

सीताफळ आणि वानरांचा वाटा

बांधावर सीताफळाची झाडे होतीच. हे झाड मूळचे अमेरिकेतले, पण आमच्या मुरमाड डोंगराळ रानात असे रुजले आहे की जणू इथलेच. कमी पाण्यावर येते आणि त्याचा पाला शेळीही सहसा तोंडात धरत नाही, त्यामुळे कुंपणाची काळजी नाही. फूल लागल्यापासून साधारण चार महिन्यांनी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, फळ काढणीला येते.

पहिल्या वर्षी आम्ही फळ झाडावरच पिकू दिले. एका सकाळी वानरांचा कळप आला आणि दुपारपर्यंत झाडे मोकळी झाली. आम्ही दगड मारले, डबे वाजवले. वानरांनी दुसऱ्या झाडावर बसून आमच्याकडे पाहत फळे संपवली! नंतर जाणत्या बायकांकडून कळले की फळ पिकण्याची वाट पाहायचीच नसते. फळाचे डोळे उघडून मधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या की घट्ट असतानाच फळ उतरवायचे आणि घरात पेंढ्यात पिकत घालायचे. तीन-चार दिवसांत ते खाण्याजोगे होते. आता हंगामात आम्ही दिवसाआड तोडणी करतो आणि मुलांची आई घाटरस्त्यावर पाट्या घेऊन बसते. ओढ्याकाठची तीन झाडे मात्र आम्ही हात न लावता सोडतो. ती वानरांची, खारींची आणि पाखरांची. यात दानधर्म नाही, हिशोब आहे. तिकडे पोट भरले की इकडचा त्रास कमी होतो. वानरांना हाताने मात्र काही देऊ नये. लेण्यांपाशी पर्यटकांनी खाऊ घालून घालून त्यांना माणसाच्या पिशव्या ओढायला शिकवले आहे.

एक सूचना भगिनींसाठी. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची जुनी पद्धत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुलांच्या डोक्याला ती लावूच नये.

मक्याचे गणित मात्र आम्हाला अजून जमलेले नाही. सिल्लोड तालुका मक्याचा. आम्हीही एक एकर मका केला. कणसे भरली आणि रानडुकरांनी दोन रात्रींत अर्धे रान लोळवले. उरलेल्यात रोही शिरले. अशा नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते, पण अर्ज तीन दिवसांच्या आत द्यावा लागतो, हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले! वाचकांनी ही चूक करू नये. पिकाचे फोटो काढून ठेवावेत आणि अर्जाची पोहोच घ्यावी. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. आता आम्ही मका घराजवळ थोडाच करतो आणि कणसे भरली की मचाणावर आळीपाळीने राखणीला बसतो.

मानमोडीला वेस नसते

रानमांजराने जे नुकसान केले त्याच्या कितीतरी पट नुकसान एका रोगाने केले. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्याकडे लहानमोठ्या एकतीस कोंबड्या झाल्या होत्या. एके दिवशी दोन कोंबड्या मान वाकडी करून बसल्या, हिरवट हगवण लागली. आठवड्यात चोवीस मेल्या. ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की रोग झाल्यावर उपाय नाही, आधी लस हाच उपाय. पिल्लू आठवड्याचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा, आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस पंखाखाली टोचायची.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे उरल्या होत्या सात. वस्तीतल्या घराघरांत विचारले, तेव्हा साठ-पासष्ट भरल्या. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या वस्तीत टोचून भागणार नाही. गावातल्या कोंबड्या आजारी राहिल्या तर रोग पुन्हा तुमच्याकडे येईल. मानमोडीला वेस नसते."

मुलगी तेव्हा नववीत होती. तिने वही घेतली आणि शाळेतल्या मैत्रिणींना बरोबर घेऊन साऱ्या गावातल्या कोंबड्यांची यादी केली. आम्हाला धास्ती होती. वडिलांच्या काळी ज्या घरांच्या ओसरीवर आपल्याला चढू देत नसत, ती घरेही त्या यादीत होती. रविवारी सकाळी विहारासमोरच्या पटांगणात लस टोचायचे ठरले, कारण सावली तेथेच होती.

लोक आले. कोणी पाटीत, कोणी डालग्यात, कोणी पाय बांधून कोंबड्या आणल्या. थोरल्या वाड्यातल्या एक आजीबाई आठ कोंबड्यांचे डालगे घेऊन सावलीला टेकल्या. ऊन चढले होते. त्या म्हणाल्या, "बाई, घोटभर पाणी दे गं." आमच्या आईने तांब्या भरून आणला आणि क्षणभर हातातच धरून उभी राहिली. आजीबाईंनी तो घेतला, पाणी प्यायल्या आणि रिकामा तांब्या परत दिला. कोणी काही बोलले नाही. लस टोचणे चालूच होते. रात्री जेवताना आई एवढेच म्हणाली, "तुझ्या बापानं हे बघायला पाहिजे होतं."

एका तांब्याने गाव बदलले असे आम्ही म्हणणार नाही. गावात अजूनही अशी घरे आहेत, जी आमची अंडी घेतात पण चहाला थांबत नाहीत. परंतु त्यानंतर दर वर्षी लस त्याच पटांगणात होते, यादी आमचीच मुलगी करते आणि गावात मानमोडीने कोंबड्या मेल्याचे ऐकू आलेले नाही.

हिशोब

पैशाचा हिशोब विचाराल तर श्रीमंती आलेली नाही. शेतात मोलमजुरी, हंगामात सीताफळ आणि वर्षभर अंडी-कोंबडी असे मिळून घर चालते. अंड्यांचा पैसा मुलांच्या आईच्या डब्यात जातो आणि तो वह्या-पुस्तकांखेरीज कशालाही काढायचा नाही, असा घरचा नियम आहे.

मागच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही लेणी पाहिली. सतराव्या लेण्यात महाकपी जातकाचे चित्र आहे. आपल्या कळपाला वाचवण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची ती कथा. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "मी मारलेला दगड एका पिल्लाला लागला होता." हे त्याने आम्हाला आजवर सांगितले नव्हते.

ज्या बांधवांच्या पेटीत गावाकडचा सातबारा पडून आहे, त्यांनी निदान एकदा जाऊन बांध पाहून यावेत, नोंदी तपासाव्यात. सर्वांनी परत जावे असे आम्ही सांगत नाही; ज्यांनी गाव सोडले त्यांची कारणे खरी होती. पण जायचेच असेल तर जमीन नावावर असू द्या, मुलांची शाळा जवळ असू द्या आणि खुराड्याला कडी असू द्या. आमची मुलगी आता परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जायचे म्हणते आहे. तिला तिथे प्रवेश मिळाला, तर आजोबांनी नांगरलेल्या त्या तुकड्याचे चीज झाले असे आम्ही समजू.