न भरणारी जखम

(द्वितीय वर्ष, कला)

आमची आजी जन्मभर नऊवारी लुगडे नेसत आली. शेतात वाकून काम करायचे म्हणजे लुगडे घट्ट आवळलेले हवे, नाहीतर घडोघडी सावरत बसावे लागते. कमरेला जिथे ते आवळले जाई तिथे तिच्या कातडीवर काळपट वळ पडला होता. लहानपणापासून तो मी पाहत आले. तो लुगड्याचाच एक भाग आहे असे मला वाटे. दोन वर्षांपूर्वी त्या वळाला चीर पडली. हळद झाली, खोबरेल झाले. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी गजकर्ण समजून सात-आठ महिने मलम दिले. कमरेचे दुखणे परक्या पुरुषाला कसे दाखवायचे, म्हणून आजी नुसते तोंडाने सांगे आणि डॉक्टरही न पाहताच लिहून देत. जखम काही भरेना.

शेवटी जिल्ह्याच्या गावी जखमेचा तुकडा काढून तपासला. अहवाल इंग्रजीत आला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा सर्वांनी कागद माझ्या हाती दिला. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ हे तीन शब्द मला वाचता आले, अर्थ सांगता आला नाही. “काय लिवलंय गं बाय?” आजीने विचारले. “डॉक्टर सांगतील,” एवढेच मी म्हणाले. त्या वेळी वाटलेल्या लाजेपोटी पुढचे सारे वाचून काढले.

आपल्या कातडीचा वरचा थर पेशींच्या उतरंडीसारखा असतो. तळाशी बेसल पेशी. त्या सतत नव्या पेशी घडवतात. त्या वर सरकत चपट्या होतात, त्या स्क्वॅमस. रंग देणाऱ्या पेशी निराळ्या. त्यांचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा, तो फार घातकी. बाकीच्या दोहोंपैकी बेसल पेशींचा कर्करोग जगात सर्वांत जास्त आढळतो, विशेषतः गोऱ्या लोकांत, नाकावर, पापणीजवळ. तो सावकाश वाढतो, दूर पसरणे क्वचितच. पण जागच्या जागी मांस कुरतडत जातो, म्हणून इंग्रजांनी त्याला उंदराचे नाव दिले होते. स्क्वॅमस पेशींचा मात्र काही वेळा जवळच्या गाठींत उतरतो. आजीचा हा दुसरा.

याचे मुख्य कारण ऊन. गोऱ्या कातडीला उन्हातले अतिनील किरण सोसत नाहीत, म्हणून ऑस्ट्रेलियात हा रोग फार. आपल्या सावळ्या रंगाने आपल्याला बरेच राखले आहे. (लग्नाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी हे वाचावे!) पण आपल्याकडे तो दुसऱ्या वाटेने येतो: भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षे वाहणारी जखम, पाण्यातला आर्सेनिक. काश्मिरात फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात, तिथे पोटावर आणि मांड्यांवर हा रोग होतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीवरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता.

आणि आमच्या घरचे उत्तर मला मुंबईतच सापडले. टाटा मेमोरिअल रुग्णालयाचे डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर कमरेला घट्ट आवळणाऱ्यांना तिथेच होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. साडीचाही तसाच कर्करोग पुढे डॉक्टरांनी नोंदवला. दोष कापडाचा नाही, घट्टपणाचा. रोजच्या घासण्याने, घामाने कातडी जाड होते, चिरते, भरते, पुन्हा चिरते. भरण्यासाठी पेशी सारख्या विभागत राहतात, आणि एखादे दिवशी त्या विभागणीवरचा ताबा सुटतो. याला कित्येक वर्षे लागतात.

उपचाराचे सांगायचे तर पहिली वाट शस्त्रक्रियेचीच. रोग आणि त्याभोवतीची थोडी निरोगी कातडी कापून काढतात व कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. चेहऱ्यावर मांस वाचवायचे असेल तर एकेक पातळ थर काढून लगेच तपासत जाण्याची मोह्ज यांची पद्धत आहे. वरवरच्या रोगाला गोठवणे किंवा विशिष्ट मलमे चालतात. शस्त्रक्रिया झेपत नसेल तेथे किरणोपचार. फार पसरल्यास अलीकडची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे. वेळेवर कळले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. चार-सहा आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासून घ्यावा, एवढे आम्हाला कोणी सांगितले असते तर आठ महिने मलमात गेले नसते.

आजीची जखम कापून मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतल्या गाठी तपासल्या, त्यात काही निघाले नाही. लुगडे सैल नेसा, असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा ती म्हणाली, “सैल नेसायचं तर नेसायचंच कशाला?” आता ती परकरावर पाचवारी नेसते. परकराची नाडी काढून मी रुंद पट्टी शिवून दिली आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि या खेपेस पडद्याआड तिच्याबरोबर मी जाणार आहे.