अतिनील दुर्बिणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हबल अवकाश दुर्बिणीपुढे आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची काय मातब्बरी?’ हा प्रश्न व्याख्यानांनंतर हमखास येतो. त्यामागचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : उंच डोंगरावर मोठी दुर्बीण बसवली की अतिनील निरीक्षणांचे काम भागते.
वस्तुस्थिती : सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वरच शोषून घेतात. लडाखमधली हानले वेधशाळा ४,५०० मीटर उंचीवर आहे, पण ओझोनचा थर त्याहून कितीतरी वर. अवकाशात जाण्यावाचून गत्यंतर नाही.

गैरसमज : नवे उपकरण जुन्याला मोडीत काढते.
वस्तुस्थिती : हबलवर ‘स्टिस’ हा वर्णपटलेखक १९९७ मध्ये बसला आणि ‘कॉस’ २००९ मध्ये. कॉस अधिक संवेदनशील, अंधूक बिंदुवत स्रोतांसाठी उत्तम. पण त्याची विभेदनक्षमता २० हजारांच्या आसपास, तर स्टिसची १ लाखाच्या वर. वर्णपटातल्या एकमेकींना खेटून असलेल्या रेषा सुट्या करायच्या, तर जुना स्टिसच लागतो. म्हणूनच २००४ मध्ये बंद पडलेला स्टिस २००९ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्त केला.

गैरसमज : ॲस्ट्रोसॅटवरचा ‘यूव्हिट’ हा अतिनील दुर्बीणसंच म्हणजे छोटा हबल.
वस्तुस्थिती : पुण्याच्या आयुका या संस्थेचा मोठा वाटा असलेला यूव्हिट २०१५ मध्ये अवकाशात गेला. तो मुळात प्रतिमा घेणारा. प्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या त्याच्या जाळीची विभेदनक्षमता जेमतेम १००. मात्र एखाद्याच स्रोताचा प्रकाश आत सोडणारी फट तिला नाही. त्यामुळे जवळपास पूर्ण चंद्राएवढ्या आकाशातल्या साऱ्या ताऱ्यांचे वर्णपट एकाच वेळी मिळतात. गर्दीच्या भागात ते एकमेकांवर चढतात, ही त्याची मर्यादा.

गैरसमज : आरसा मोठा, तोच जिंकतो.
वस्तुस्थिती : हबलचा आरसा २.४ मीटरचा, यूव्हिटमधल्या दुर्बिणींचे प्रत्येकी सुमारे ३८ सेंटिमीटरचे. तरीही ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एयूडीएफएस०१ या दीर्घिकेचे अतिनील किरण यूव्हिटने टिपले. आयुकातल्या कनक साहा यांच्या चमूने २०२० मध्ये हा शोध जाहीर केला. यूव्हिटच्या शोधकात पार्श्वभूमीचा गोंगाट अत्यल्प असल्याने इतका क्षीण प्रकाशही हाती लागला.

गैरसमज : आता जेम्स वेब अवकाश दुर्बीण आहे, हबल कशाला?
वस्तुस्थिती : वेबची नजर ०.६ मायक्रोमीटरपासून पुढे, अवरक्ताकडे. अतिनील किरण तिला दिसतच नाहीत.

तेव्हा ‘सर्वांत भारी कोण?’ याऐवजी ‘कोणत्या कामासाठी?’ असे विचारा. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींचे भांडार इस्रोने अभ्यासकांना खुले केले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्याचा जरूर लाभ घ्यावा.