बोगदे आले आणि गेले

१ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचा अमेरिकेतला पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या यंत्रांनी जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी धरला. यंत्रं थोडी होती, तारीख आधीपासून ठरलेली होती आणि ज्याने बदल केला नाही तो नेटवर्कबाहेर पडला. एका तारखेत उरकलेला असा बदल इंटरनेटवर पुन्हा झाला नाही. टीसीपी/आयपीतल्या पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, हिचा मसुदा १९९८ च्या डिसेंबरात पक्का झाला आणि जुनी आयपीव्ही४ अजून ठणठणीत आहे. कल्याणच्या पुढे, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात हे स्थित्यंतर कसं उतरलं ते पाहिलं तर चित्र विचित्र दिसतं. खिशातला फोन केव्हाच पलीकडे पोचला, दुकानातली वायर बहुतेक ठिकाणी अलीकडेच राहिली.

सगळ्याच्या मुळाशी आकड्यांची टंचाई. आयपीव्ही४मध्ये पत्ते साधारण ४ अब्ज २९ कोटी. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं तेव्हा ही संख्या कोणाला कमी वाटली नसती. ०२५१च्या टेलिफोन लाइनवरून मॉडेम किरकिरत जोडला जायचा, आणि फोन चालू असेपर्यंत तुमच्या संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळायचा. हे सुख सायबर कॅफे येईपर्यंतच टिकलं. कॅफेत एक मॉडेम आणि त्याच्यामागे सहा-आठ संगणक. बाहेर दिसायचा तो एकच पत्ता, आत १९२.१६८चे खासगी. याला नॅट म्हणतात, आणि पुढची सगळी कथा या नॅटच्या सावलीत घडली.

उल्हासनगरकराला नॅट समजावून सांगायला वेळ लागत नाही. इथल्या लष्करी छावणीतल्या बरॅकींना दिलेले नंबर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या पत्त्यावर आले. कुटुंबं वाढली, बरॅकीत मधे भिंती घातल्या गेल्या, पुढे मजले चढले, पण पत्त्यात आजही 'बरॅक नं. अमुक, रूम नं. तमुक' चालतं. नंबर एकच, आत माणसं कितीही. फरक एवढाच, की पोस्टमन रूम शोधून काढतो. नॅटमध्ये आतल्याने आधी बाहेर हाक घातली नसेल तर बाहेरून आलेलं पाकीट दारातच अडतं.

२००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, आणि त्याच सुमारास केबलवाल्यांचं इंटरनेटही पसरलं. या गच्चीवरून त्या गच्चीवर लॅन केबल, जिन्यात पत्र्याच्या पेटीत स्विच, पावसाळ्यात वीज कडाडली की अर्ध्या गल्लीची पोर्टं उडालेली. केबलवाल्याकडे नॅट आणि घरात राउटर घेतला की दुसरं नॅट.

बोगदे खणले गेले ते याच काळात. मधलं नेटवर्क आयपीव्ही६ बोलत नसेल तर आयपीव्ही६चं अख्खं पॅकेट आयपीव्ही४च्या पॅकेटच्या पोटात घालायचं, पलीकडच्या टोकाला बाहेर काढायचं आणि पुढे धाडायचं, हे टनेलिंग. २००१ मध्ये सिक्सटूफोर आलं. कल्पना देखणी होती, तुमच्या आयपीव्ही४ पत्त्यावरूनच २००२ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता बनायचा. पण त्याला सार्वजनिक पत्ता लागे, आणि केबलवाल्याच्या नॅटमागे तो कुठून असणार? शिवाय पॅकेट ज्या रिलेतून जायचं तो कोणाचा, कुठे आहे, बंद पडला तर तक्रार कोणाकडे करायची, याचा पत्ता नाही. २०१५ मध्ये ही मोफत रिलेची सोय अधिकृतपणे मोडीत काढली गेली. माझ्या मते ती पाच वर्षं आधीच काढायला हवी होती.

नॅटमागच्यांसाठी टेरेडो होतं. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवाचं हे नाव. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टासोबत ते आपोआपच यायचं, आणि पुष्कळांच्या संगणकावर मालकाच्या नकळत ते मुकाट पडून राहिलं. एक्सबॉक्सवर खेळणाऱ्या पोरांना तेवढं ते नावाने माहीत, तेही बहुधा बिघडलेलं असताना.

ज्यांना खरोखर हौस होती ते हरिकेन इलेक्ट्रिक या कंपनीकडून फुकट बोगदा घेत. इथली मंडळी बहुधा सिंगापूरचं टोक निवडत. म्हणजे अंबरनाथहून मुंबईतल्या सर्व्हरकडे जायचं पॅकेटही आधी समुद्रापार. तेही सोसलं असतं, पण खरी डोकेदुखी वेगळीच. इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटांचं. लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या पीपीपीओईच्या लाइनवर त्यातले ८ जातात, उरतात १४९२. बोगद्याचं वेष्टन आणखी २० खातं, उरले १४७२. समोरच्या सर्व्हरने १५००चं पॅकेट पाठवलं की ते वाटेत अडकतं. 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' हा निरोप मागे जायला हवा. मधल्या एखाद्या फायरवॉलने तो निरोपच गिळला की संपलं. पिंग चालतं, साइटचं नाव सापडतं, पान उघडायला सुरुवातही होते आणि चक्र फिरत राहतं. कस्टमर केअरला फोन केला की एकच मंत्र, राउटर बंद करून चालू करा. ज्याला एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, आकडा कमी करायचं सुचलं त्याचं काम झालं. बाकीच्यांनी आयपीव्ही६ बंद केलं आणि ते नादुरुस्त आहे असा समज करून घेतला. बोगद्यांनी आयपीव्ही६ची ओळख करून दिली तशी बदनामीही केली.

तोवर वरचा साठा आटला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट वाटून झाले, आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकमधलं वाटप करणारा एपनिक शेवटच्या गटावर आला. त्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १०२४ पत्ते. २०१९ पासून ५१२. इकडे बदलापूर २०११ च्या जनगणनेतच पावणेदोन लाखांच्या घरात पोचलेलं आणि टॉवर उठतच होते. एवढ्या पत्त्यांत इंटरनेट पुरवायचं तर केबलवाल्याच्याही वर, पुरवठादाराच्या पातळीवर नॅट करणं भाग होतं. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ने सुरू होणारा खास गट राखून ठेवला गेला.

या नॅटचा खरा फटका सीसीटीव्हीने दाखवला. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये किंवा फर्निचर बाजारात कॅमेरे लागले, की मालकाला घरबसल्या मोबाइलवर दुकान बघायचं असतं. टेक्निशियन स्टुलावर चढून कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला वायर लावतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करतो, मग राउटरचा पत्ता आणि वेबसाइटवर दिसणारा पत्ता ताडून बघतो. दोन्ही वेगळे निघाले की निदान ठरलेलं, "सेठ, स्टॅटिक आयपी लेना पडेगा." त्याचे पैसे वेगळे. पुढे डीव्हीआर कंपन्यांनी वाट काढली. क्यूआर कोड स्कॅन करा, डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडून राहतो आणि चित्र तिथून फोनवर येतं. हाही एक प्रकारचा बोगदाच. आयपीव्ही६कडे नेणारे बोगदे बुजले आणि आयपीव्ही४मध्येच तग धरायला मदत करणारे जोरात चालले. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून ऑफिसची व्हीपीएन लागली तेव्हा तोच एमटीयूचा घोळ पुन्हा उपटला.

सरकारी कागद दरम्यान हलत होते. दूरसंचार विभागाचा आयपीव्ही६साठीचा पहिला आराखडा जुलै २०१० चा, दुसरा मार्च २०१३ चा. वायरवरच्या नव्या घरगुती जोडण्या आयपीव्ही६सह देण्याची मुदत ३० जून २०१४ होती. ती टळली, आणि नंतर ३१ डिसेंबर २०२२ ठरली.

फोनचं गणित मात्र एका झटक्यात सुटलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. टूजी-थ्रीजी नाही, म्हणजे साधा कॉलसुद्धा आयपीवरून. प्रत्येक फोनला पत्ता हवाच. फेब्रुवारी २०१७ मध्ये १० कोटी ग्राहक झाल्याचं जाहीर झालं. एवढे आयपीव्ही४ पत्ते बाजारात विकत घ्यायचे तर परवडले नसते, म्हणून आयपीव्ही६ पहिल्या दिवसापासून. इतर कंपन्याही मागोमाग गेल्या. आज गूगलच्या मोजणीत आयपीव्ही६ वापरणाऱ्या मोठ्या देशांत भारत आघाडीच्या रांगेत आहे. कारण धोरण नव्हतं, नाइलाज होता, असं माझं स्पष्ट मत आहे. २४०९ने सुरू होणारा पत्ता फोनवर दिसला तर तो बहुधा जिओचा. आणि अँड्रॉइडवर सोबत १९२.०.०.४ दिसला तर समजा, आतलं नेटवर्क निव्वळ आयपीव्ही६ आहे आणि जुन्या अॅपांसाठी आयपीव्ही४चा नुसता देखावा उभा केलाय. बोगद्याच्या जागी आता भाषांतर आलं आहे.

वायरीच्या बाबतीत अडलंय ते पुरवठादाराच्या आळसावर आणि राउटरच्या एका खुणेवर. नवं फायबर घेताना केबलवाल्याला 'व्ही६ देता का?' असं स्पष्ट विचारा. तो हो म्हणाला तरी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ 'डिसेबल' तर नाही ना, ते बघा. चालू केलंत की त्याच पानावरची फायरवॉलही चालू आहे याची खात्री करा, कारण आता तुमच्या डीव्हीआरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असेल.